इंजिनं पुरे, आता एक डबा ठेवा

रेल्वेच्या मोठ्या स्थानकाबाहेर, विभागीय कचेरीच्या आवारात किंवा एखाद्या वर्कशॉपच्या फाटकाशी चबुतऱ्यावर चढवलेलं इंजिन आपण सगळ्यांनी पाहिलंय. काळाकुळकुळीत ऑइलपेंट, लाल बफर, भोवती साखळी, साखळीच्या आत झेंडूची रोपं. मागे डबा मात्र सहसा नसतो. जे इंजिन आयुष्यभर माणसं ओढत होतं, त्याच्यामागची माणसांची जागाच कापून टाकलेली. रेल्वेचा वारसा जपण्यातली ही खोड मला फार वर्षं खटकते. शहरी रेल्वेच्या बाबतीत तर तिच्यामुळे कामच अडतं, कारण मुंबईच्या लोकलला वेगळं इंजिन नसतंच. मोटर कोचमध्ये, म्हणजे मोटर बसवलेल्या डब्यात, पुढे मोटरमनची केबिन, विजेच्या यंत्रसामग्रीचा कप्पा, आणि त्याच डब्यात पलीकडे माणसं बसलेली, लोंबकळलेली. तिथे इंजिन ठेवून डबे भंगारात घालण्याची सोयच नाही. ठेवायचं तर माणसांसकट ठेवावं लागतं, आणि कदाचित म्हणूनच लोकलला चबुतरा मिळत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. शहरातल्या रेल्वेचं निवृत्त वाहन जतन करायचं असेल तर साध्या प्रवाशाचा डबा निवडा, तो सेवेतून उतरला त्या अवस्थेत ठेवा, आणि रंग आणण्याआधी त्याच्यावर छप्पर घाला. आता हे सोलापुरात बसून सांगायचं काय कारण, असं कुणी विचारेल. इथे ट्राम कधी धावली नाही, लोकलही नाही. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची गाडी आली, आज मध्य रेल्वेचा विभाग आहे, २०२३ पासून वंदे भारतही सुटते. पण सोलापूर हे गिरण्यांचं गाव, आणि गिरणीगावाला कामगाराच्या वस्तू कशा नाहीशा होतात याचा पुरेसा अनुभव आहे. १८७७ सालच्या जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर हे शहर उठायचं-बसायचं, त्यांच्यातल्या कामगाराच्या हाताखालचं आपण काय ठेवलं? इंद्रभुवनाची डागडुजी होते, व्हायलाच हवी, सुंदर वास्तू आहे. पण श्रीमंताचा वाडा टिकतो आणि कामगाराचा माग लोखंडाच्या भावानं जातो. रेल्वेतही नेमकं हेच घडतं.

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, १ फेब्रुवारी १९७७ ला सुरू झालेलं. त्याचं काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. १८५५ सालचं ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा रुळावर धावू लागलं ही काही लहान गोष्ट नव्हे. पण तिथल्या डब्यांमध्ये लोक ज्यांच्यासमोर थांबतात ते डबे कुणाचे? प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ साली बांधलेला सलून, म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ सालचा सलून. त्याच संग्रहालयात पतियाळा संस्थानाची मोनोरेल आहे. एका रुळावर चालणारी, तोल सांभाळायला बाजूला एक मोठं चाक असलेली ही गाडी १९०७ ते १९२७ अशी वीस वर्षं चालली. पुढे तिचे अवशेष पतियाळ्यात भंगारात पडून राहिले. १९६२ साली एका जाणकाराच्या नजरेस ते पडले, आणि अमृतसरच्या रेल्वे वर्कशॉपनं बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीचं एक इंजिन पुन्हा चालतं केलं. इतकी छान गोष्ट. मागे जोडायला डबा हवा होता, तर एका जुन्या सांगाड्यावर नव्यानं बांधला तोही चीफ इंजिनिअरच्या तपासणीचा. रोज त्या गाडीतून जाणाऱ्या माणसाचा डबा पुन्हा बांधावा असं सुचलं नाही, किंवा सुचलं असलं तरी झालं नाही.

मी कुणाला दोष देत नाही. साहेबाचा डबा कमी वापरला जातो, त्याची निगा राखली जाते, त्याचे कागद सांभाळले जातात, म्हणून तो उरतो. तिसऱ्या वर्गाचा डबा घासून घासून संपतो. १९७४ मध्ये तिसरा वर्ग कागदावरूनच गेला आणि त्याची बाकडी कुठे गेली हे विचारायला कुणी थांबलं नाही. जे सर्वांत जास्त वापरलं जातं ते सर्वांत आधी नाहीसं होतं. म्हणूनच ते मुद्दाम, वेळ साधून, आधी ठरवून ठेवावं लागतं. नंतर हळहळून हाती काही लागत नाही. मुंबईच्या ट्रामचं उदाहरण आहेच. १८७४ साली घोड्यांची ट्राम, १९०७ साली विजेची, १९२० मध्ये दुमजली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी. त्या रात्री लोकांनी रस्त्यावर गर्दी करून निरोप दिला म्हणतात. नव्वद वर्षांच्या त्या सेवेतलं आज काय दिसतं? अणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात तिकिटं, यंत्रं, प्रतिकृती आहेत, त्या आवर्जून पाहाव्यात. आणि काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनपाशी खोदकाम करताना डांबराखालून ट्रामचे रूळ निघाले, तेव्हा शहराला एकदम आठवण झाली. अख्ख्या ट्रामऐवजी रुळाच्या तुकड्याचं कौतुक करायची पाळी आली.

लोकलच्या बाबतीत ती वेळ आत्ता चालू आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली, दीड हजार व्होल्टच्या डीसी (एकदिश) प्रवाहावर. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली आणि मुंबईतली ती वीजप्रणाली संपली. आता सगळ्या तारांत पंचवीस हजार व्होल्टचा एसी (प्रत्यावर्ती) प्रवाह आहे. म्हणजे पिवळ्या-तपकिरी रंगाचा जुना डीसी रेक (डब्यांची अख्खी गाडी) जसाच्या तसा आज मुंबईच्या कुठल्याही मार्गावर स्वतःच्या बळावर इंचभरही हलू शकत नाही. ‘वारसा म्हणून चालवून दाखवा’ असा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. चालवायचा तर आतली सगळी विद्युत यंत्रणा बदलावी लागेल, आणि ती बदलली की जतन काय केलं हा प्रश्न उरतोच. मला विचाराल तर डबा उभा राहू द्या. केबिनचं दार उघडं ठेवा. डेड मॅन हँडलवर लहान मुलाला हात दाबून ठेवू द्या आणि हात सोडला की ब्रेक का लागतो ते मोटरमनच्या तोंडून ऐकवा. रोज हजारो जीव ज्या एका हाताच्या दाबावर अवलंबून होते त्याचं वजन त्या पोराला कळेल. त्यासाठी गाडी धावायची गरज नाही.

यापुढचा मुद्दा नाजूक आहे, आणि वारसाप्रेमी मंडळी तो टाळतात. लोकलचा डबा म्हटला की भजनी मंडळ, तिघांच्या बाकावर सरकून मिळणारी चौथी सीट, डब्यातली हळदीकुंकवं, दसऱ्याची तोरणं, असं सगळं गोड गोड सुरू होतं. ते खोटं नाही. पण त्याच डब्याच्या उघड्या दारातून माणसं पडून मेलीत, वर्षानुवर्षं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली, जीव गेले, आणि त्यानंतर रेल्वेनं नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं बसवायचं जाहीर केलं. बंद दारांची वातानुकूलित लोकल २०१७ च्या नाताळापासून धावतेच आहे. म्हणजे उघड्या दाराचा डबा आता हळूहळू इतिहासजमा होणार. तो जावा, लवकर जावा. पण तो जाताना त्याचं दार तरी ठेवा. त्या दाराच्या मधोमध उभा असलेला लोखंडी दांडा लाखो तळहातांनी घासून गुळगुळीत झालाय, कडेचा पत्रा झिजलाय. पुनर्रंगकाम करणारा ठेकेदार पहिल्यांदा नेमकं तेच पॉलिश पेपर मारून सपाट करतो आणि वर चकचकीत एनॅमल चढवतो. मग तिथे जे उरतं ते लोकलसारखं दिसणारं काहीतरी असतं. अपघाताची गोष्ट त्यातून पुसली जाते. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. मुंबईच्या लोकलचं संग्रहालय होणार असेल तर ती संध्याकाळ गाळून ते कसं होईल? आणि ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली महिला विशेष सुरू झाली ती का सुरू करावी लागली, हेही तिथे सांगावं लागेल. जे म्हणतात की अशा डब्याचं कौतुक म्हणजे हालअपेष्टांचं उदात्तीकरण, त्यांचा राग मला पटतो. त्यावर उपाय डबा मोडणं हा मात्र नव्हे. रंगवून फुलं वाहिलेल्या डब्यात उदात्तीकरण होतं, आणि डबा मोडला की कुणाला जाब विचारायची वस्तूच उरत नाही.

बाहेर काय करतात तेही पाहू. टोकियोच्या कासाई भागातल्या भुयारी रेल्वेच्या संग्रहालयात १९२७ सालचा पहिला डबा, क्रमांक १००१, ठेवलाय. २०१७ साली जपाननं त्याला महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती ठरवलं. देवळं, मूर्ती, चित्रं यांना जो दर्जा देतात तो रोजच्या कामावर जाणाऱ्या माणसांच्या डब्याला. याच टोकियोनं जुने लाल डबे एकेकाळी अर्जेंटिनाला विकले होते. ते ब्युनोस आयर्सच्या भुयारात कित्येक वर्षं धावले, आणि २०१६ मध्ये त्यातले चार टोकियो मेट्रोनं समुद्रापलीकडून परत आणले. न्यूयॉर्कनं १९७६ साली ब्रुकलिनमधलं एक बंद पडलेलं भुयारी स्थानकच संग्रहालय केलं, त्यामुळे डबे आपल्या खऱ्या फलाटाला लागून उभे आहेत. यातलं सगळं आपल्याला परवडणार नाही हे मान्य. पण लंडनचं उदाहरण परवडण्यासारखं आहे. कॉव्हेंट गार्डनच्या देखण्या संग्रहालयाखेरीज ॲक्टनला त्यांचं एक भलंमोठं गोदाम आहे. तिथे जुने डबे, फलक, सिग्नल नुसते नीट ठेवलेत आणि वर्षातले मोजके दिवस ते लोकांना उघडं असतं. आपल्याकडे आधी कमान, मग कारंजं, मग कोनशिला आणि शेवटी वस्तू, असा उलटा क्रम असतो. कोरडं, हवेशीर, कुलूपबंद गोदाम एवढीच पहिली गरज आहे.

कोलकात्याकडे मात्र सावध नजरेनं पाहायला हवं. १८७३ मध्ये तिथे पहिली ट्राम आली, १९०२ मध्ये विजेची. २०१४ साली एस्प्लनेडला १९३८ सालच्या ट्रामच्या डब्यात ‘स्मरणिका’ हे छोटं संग्रहालय झालं, सोबत चहाकॉफीची सोय. कल्पना गोड आहे, मलाही आवडते. पण संग्रहालय झाल्याला पुरती दहा वर्षं होतात न होतात तोच, सप्टेंबर २०२४ मध्ये, एक वारसा मार्ग सोडून बाकी ट्राम बंद करण्याचं राज्य सरकारनं सांगितलं. संग्रहालयात ठेवलीच आहे, आता रस्त्यावर कशाला, असा सोयीचा युक्तिवाद जतनाच्या आडून करता येतो. चालू शकणारं, लोकांना हवं असलेलं वाहन बंद करण्याची सबब म्हणून संग्रहालय उभं राहत असेल तर त्याला विरोधच करावा. डीसी लोकलचं तसं नाही. ती तांत्रिकदृष्ट्या संपलीच आहे.

आपल्याकडे आणखी एक नवी टूम आहे, चाकावरचं उपाहारगृह. सीएसएमटीला २०२१ मध्ये जुन्या डब्यात ते सुरू झालं आणि मग ठिकठिकाणी निघाली. व्यवसाय म्हणून उत्तम. कुटुंबं जातात, फोटो काढतात, रेल्वेला भाडं मिळतं. पण आतली बाकडी काढून सोफे टाकले, खिडक्यांचे गज काढून काचा लावल्या, छताला झुंबर टांगलं, की त्याला जतन म्हणू नये एवढंच. सोलापुरात अशा गप्पा निघाल्या की कुणीतरी म्हणतंच, मुंबईचा एखादा कंडम लोकलचा डबा आणून स्टेशनसमोर ठेवा की, लोकं बघायला येतील. मला ही कल्पना मान्य नाही. तो डबा मुंबईचा आहे. कुर्ल्याच्या कारशेडमध्ये आयुष्य काढलेल्या डब्याची गोष्ट सांगणारे मोटरमन, गार्ड, फिटर मुंबई-कल्याणला आहेत, सोलापूरच्या सात रस्त्याला नाहीत. आपल्या पोरांनी नोकरीसाठी दिवा-विरारच्या खोल्यांमध्ये राहून त्या डब्यात धक्के खाल्ले असतील, पण तेवढ्यानं तो आपला होत नाही. त्यातून इथला उन्हाळा असा की उघड्यावरच्या डब्याची रबरं दोन-तीन वर्षांत तडकतात, रंगाचे पोपडे निघतात, आणि पावसाचं पाणी दाराच्या उंबऱ्यात आणि पत्र्याच्या खालच्या घडीत साचून आतून गंज धरतो. बाहेरून डबा ठणठणीत दिसतो आणि एक दिवस पाय आत जातो.

आपलं म्हणून जे आहे ते कुर्डुवाडीला आहे. बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फूट अंतराच्या अरुंद (नॅरोगेज) रुळांवर बांधलेली ही रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज असं करत सव्वातीनशे किलोमीटरपर्यंत गेली. कॅलथ्रॉपचं डोकं एका साध्या हिशेबावर चाललं होतं. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग इंजिन असो, मालाचा वॅगन असो की प्रवासी डबा. त्यामुळे हलके रूळ पुरले, खर्च आटोक्यात आला, आणि तरीही गाडी भरपूर माल आणि माणसं ओढू शकली. गाड्या इकडे पाठवण्याआधी त्यांच्या चाचण्या इंग्लंडात लीड्सजवळ घेतल्या होत्या. पुढे १९०४ साली तिकडच्या एका खोऱ्यात कॅलथ्रॉपनं याच धर्तीची रेल्वे बांधली. म्हणजे कधी नव्हे ते बार्शीची नक्कल इंग्लंडनं केली होती, आणि हे आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळकरी पोरांना माहीत आहे? १ जानेवारी १९५४ ला ती सरकारनं घेतली. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत सगळा मार्ग रुंद झाला आणि छोटी गाडी संपली. आषाढीला टपावर बसून पंढरपूरला गेलेली माणसं अजून आपल्या घरात आहेत.

ही शहरी रेल्वे नव्हती, कबूल. पण हिचीही गोष्ट इंजिनाची कमी आणि डब्याची जास्त आहे. वारकऱ्यांनी, बाजाराला जाणाऱ्या बायकांनी, बार्शीच्या व्यापाऱ्यांनी भरलेला, खिडकीतून हात काढला तर बाभळीच्या काट्यानं ओरखडणारा तो डबा. तिच्या मार्गावरच्या लातूरला आज रेल्वेचे डबे बांधायचा कारखाना उभा आहे, त्याच्यातून पहिला सांगाडा २०२० मध्ये निघाला. आणि कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये माथेरानच्या छोट्या गाडीची कामं अजून होतात. नॅरोगेज डब्याचं आसन, कपलिंग, ब्रेकची जोडणी ज्यांच्या हाताला माहीत आहे अशी माणसं या जिल्ह्यात पगारावर आहेत. ती निवृत्त होतील. त्यांच्याबरोबर जे जाईल ते विकत घेता येणार नाही.

चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरानं डब्यासाठी गोदाम बांधायचं का, हा प्रश्न कुणीही विचारील आणि विचारावाच. पाणी आधी, यात शंका नाही. पण पाण्याचा पैसा आणि हा पैसा एका खात्यातला नसतो. चौक सुशोभीकरणाच्या नावाखाली फायबरची इंजिनं, रंगीत दिवे, ‘आय लव्ह’ची अक्षरं यांवर जो खर्च होतो तो कुणी पाण्याकडे वळवल्याचं ऐकिवात नाही. त्या खात्यातला एक चौक कमी करा. फायबरची प्रतिकृती पाच वर्षांत फिकी पडते आणि तिच्यापाशी सांगायला काही नसतं. गोदामही नवं बांधायलाच हवं असं नाही, रेल्वेच्या आवारात जुन्या शेड्स असतात. आणि दहा डबे कुणी मागत नाही. एक डबा, जमलं तर मालाचा एक वॅगन, बस्स. रील बघून काम भागतं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की पंच्याहत्तर वर्षांची म्हातारी त्या पायरीवर कशी चढत असेल हे पडद्यावर कळत नाही, गुडघा वर उचलल्यावर कळतं.

पैशापेक्षा घाई महत्त्वाची आहे. प्रवासी डब्याचं आयुष्य रेल्वेच्या हिशेबी साधारण पंचवीस वर्षं धरतात. ते सरलं की कंडमची नोंद, मग लिलाव, मग गॅसकटर. यात ‘हा राखून ठेवावा’ असं म्हणायची जागा लिलावाच्या आधी असते, नंतर नसते. मुंबईत उघड्या दाराच्या प्रत्येक जातीच्या रेकमधला एकेक मोटर कोच, शक्यतो महिला डब्याची जाळी असलेला, आजच खडूनं खूण करून बाजूला काढावा. आपल्याकडे काम त्याहून साधं आहे. सोलापूर विद्यापीठाच्या इतिहास विभागानं आणि इथल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं रेल्वेची रीतसर परवानगी काढून एका उन्हाळ्याच्या सुटीत कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूरच्या आवारांतून यादी करावी. नॅरोगेजचं काय काय उरलंय, कुठे आहे, मापं किती, अवस्था काय. चाकं, बाकडी, कंदील, टोकन, तिकिटांचे ठोकळे, दुरुस्तीच्या वह्या, सगळं. सोबत निवृत्त ड्रायव्हर, फिटर, स्टेशनमास्तर यांच्या मुलाखती, त्यांच्याच बोलीत, न सुधारता. त्या वह्यांना वाळवी लागायच्या आत एवढं झालं, तर डबा कुठे ठेवायचा यावर भांडायला आपल्यापाशी निदान डबा असेल.